दिंडीत एक पाटी

पहाटे सव्वापाचला विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली घोटाभर पाणी साचलेलं. आषाढ म्हटल्यावर ते असणारच. एका हातात चपला, दुसऱ्या हातात पाटी, पाठीवर सॅक. सॅकमध्ये दोन लिटर पाणी, खजूर, राजगिऱ्याच्या वड्या, ओआरएसची पाकिटं, चिकटपट्ट्या आणि साबुदाण्याच्या खिचडीचा डबा. निघताना नवरा म्हणाला होता, "जुईनगरला चाललीयस की कैलास-मानसरोवरला?"

तारीख ६ जुलै २०२५, रविवार, आषाढी एकादशी.

पाटीची हकिकत आधी सांगते. दर ६ ऑगस्टला, हिरोशिमाच्या दिवशी, आम्ही सात-आठ जण ठाण्याला तलावपाळीवर संध्याकाळी तासभर पाट्या घेऊन उभे राहतो. लोक भेळ खात खात वाचतात आणि पुढे जातात. पाटीवर शांततेचं ते गोल चिन्ह असतं. १९५८ साली लंडनहून आल्डरमॅस्टनच्या अण्वस्त्र केंद्रापर्यंत निघालेल्या पदयात्रेसाठी जेराल्ड हॉल्टम यांनी ते काढलं. झेंड्यांनी खुणा करण्याच्या लिपीतली 'एन' आणि 'डी' ही दोन अक्षरं त्यांनी एकात एक बसवली, म्हणजे 'न्यूक्लिअर डिसआर्ममेंट', अण्वस्त्रं मोडीत काढणं. हे मी दरवर्षी कुणाला तरी समजावते आणि दरवर्षी कुणी तरी पोरगं विचारतं, "काकू, मर्सिडीजची जाहिरात आहे का?"

त्या वर्षी हिरोशिमाला ८० वर्षं. आषाढी त्याच्या बरोब्बर एक महिना आधी. बैठकीत कुणी तरी म्हणालं, दरवेळी उभं काय राहायचं, एकदा चालून तरी बघू. बाकीच्यांना त्या दिवशी नेमकी कामं निघाली. माझं माहेर नवी मुंबईतल्या दिघ्याचं, तिथल्या गावठाणातली दिंडी दर आषाढीला जुईनगरकडच्या एका विठ्ठलमंदिरापर्यंत पायी जाते. म्हणून पाटी माझ्या गळ्यात पडली.

वीणेकरी बुवांनी पाटी नीट वाचली. 'एकही अणुबॉम्ब नको. हिरोशिमा ८०.' मग म्हणाले, "माऊली, इठोबाच्या पुढं कुनाची पाटी नसते. परवा एका पुढाऱ्याचा बॅनरपन मी उतरवला. तुमी मागं धरा." पुढाऱ्याला लावलेला न्याय मला लावला तर तक्रार कसली करायची? मी मागे गेले.

मागे म्हणजे जिथे हळू चालणारे असतात तिथे. गुडघे गेलेले, लेकुरवाळ्या, आणि डोक्यावर तुळस घेतलेली एक आजी. पंचाहत्तरीच्या पुढची. हिरवं आगरी लुगडं, गळ्यात माळ, कमरेला बटव्याची गाठ. बाकी काही नाही. पिशवी नाही, पाणी नाही, छत्रीही नाही. पाऊस आला की प्लास्टिकचा कागद डोक्यावरून सोडायची, तोही तुळशीसाठी.

दिघा ते ऐरोली या पट्ट्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. एका बाजूला कारखान्यांच्या भिंती, दुसऱ्या बाजूला काचेच्या इमारती, मधून टँकर. टाळ-पखवाजाची लय एकदा पायात शिरली की किलोमीटर मोजायचं भान राहत नाही, हे खरंच आहे. पण माझ्या उजव्या टाचेने मोजले. रबाळ्याच्या उड्डाणपुलाखाली विसावा झाला तेव्हा लिंबाएवढा फोड आला होता.

मी सॅकमधून चिकटपट्टी काढली. आजी म्हणाली, "ते लावू नको गो, आत पानी सडंल." बटव्यातून सुई-दोरा निघाला. सुई तिने काडीवर तापवली, फोडाच्या एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने काढली आणि दोरा आतच ठेवून दोन्हीकडची टोकं कापली. दोऱ्यावाटे पाणी हळूहळू पाझरत राहिलं. वर खोबरेल तेलाचं बोट. सगळं मिळून दोन मिनिटं. मग पाटीकडे हनुवटी करून तिने विचारलं, "हे कुनाचं?"

हिरोशिमा सांगितलं, बॉम्ब सांगितला. ती ऐकत होती, पण मन तुळशीच्या मातीत. मग मला वाटलं, हिला चालणाऱ्यांचं सांगावं.

ही गोष्ट मला २००४ च्या जानेवारीत मिळाली. गोरेगावच्या मैदानावर जागतिक सामाजिक मंच, म्हणजे जगभरच्या चळवळींचा मेळा भरला होता. २००१ पासून तो ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रेत भरायचा, ब्राझीलबाहेर पहिल्यांदा आला तो मुंबईत. मी रोज ठाण्याहून दादरला गाडी बदलून जायची. धूळ इतकी की संध्याकाळी भुवया पांढऱ्या व्हायच्या. ढोल, आदिवासींचे नाच, वीस भाषांतल्या घोषणा, 'दुसरं जग शक्य आहे'. पिशवी भरून पत्रकं आणली, त्यातली बहुतेक पुढे रद्दीत गेली. पण वर्ध्याकडच्या एका सर्वोदयी आजोबांनी चहाच्या रांगेत सांगितलेलं एवढं राहिलं.

१९६२ च्या जूनमध्ये सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण दिल्लीच्या राजघाटावरून पायी निघाले. मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टन, म्हणजे अणुबॉम्ब असलेल्या चार राजधान्या. पाण्यावरचा भाग सोडला तर सगळं पायी, सुमारे तेरा हजार किलोमीटर. निघण्याआधी विनोबांचा आशीर्वाद घ्यायला गेले. विनोबा म्हणजे इथलेच की, पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. तेव्हा त्यांची भूदानाची पायपीट चालूच होती. त्यांनी दोघांना अट घातली, जवळ एक पैसाही ठेवायचा नाही. पाकिस्तानच्या सीमेवर एका मित्राने वाटेसाठी खाण्याची पुडकी पुढे केली. पलीकडे कोण देणार तुम्हाला? ती त्यांनी घेतली नाहीत, कारण सतीश कुमार सांगतात त्याप्रमाणे ती अन्नाची नव्हे, अविश्वासाची पुडकी होती.

"मंग जेवले कुठं?" आजीने विचारलं.

"देईल त्याच्याकडं. नाही दिलं तर उपास."

"आनि चपला?"

ते मला माहीत नव्हतं. पुढचं माहीत होतं. जॉर्जियात चहाच्या कारखान्यातल्या एका बाईने त्यांच्याकडे चहाची चार पाकिटं दिली, चार राजधान्यांतल्या चार पुढाऱ्यांसाठी. निरोप असा, की बटन दाबायची बुद्धी झालीच तर आधी थांबा आणि हा चहा करून प्या.

आजी हसली. "बायच ती. पुरुषाला नसतं सुचलं." मग जरा थांबून, "चालनारे दोघंपन पुरुषच. बायांना घर सोडून कुठं जमतंय?"

सॅक पुन्हा पाठीवर चढवली. डबा तसाच होता. का कोण जाणे, आधीपेक्षा जड लागला.

घणसोली ओलांडताना मी तिला ग्रीनहॅमच्या बायका सांगितल्या. १९८१ च्या ऑगस्टअखेरीस वेल्समधल्या कार्डिफहून ३६ बायका निघाल्या, काही पोरं बाबागाडीत. जोडीला चार-सहा पुरुष. इंग्लंडमधल्या ग्रीनहॅम कॉमनच्या विमानतळावर अमेरिकेची अण्वस्त्रं यायची होती, ती नकोत म्हणून. दहा दिवसांनी, ५ सप्टेंबरला पोचल्या. सरकारने विचारलंसुद्धा नाही, तेव्हा तिथेच बसल्या. फांद्या वाकवून वर प्लास्टिक टाकायचं, तेच घर. पोलीस उठवायचे, या पुन्हा बसायच्या. १९८२ च्या १२ डिसेंबरला तीस हजार बायकांनी हातात हात धरून त्या तळाला वेढा घातला. चौदाएक किलोमीटरच्या तारेच्या कुंपणाला पोरांची झबली, घरच्यांचे फोटो बांधले.

"किती वर्सं बसल्या?"

"एकोणीस."

आजी तोंडातल्या तोंडात पुटपुटली. "आमचं म्हातारं चौऱ्याऐंशीला जासईला व्हतं. गोली चालली तवा दोन रात्री घरी नाय आलं."

हे तिने इतक्या सहज सांगितलं की मला उत्तर सुचलं नाही. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या १९७० पासून. १९८४ च्या जानेवारीत जासईच्या बाजूला शेतकऱ्यांचे पुढारी दि. बा. पाटलांच्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण गेले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची गोष्ट झाली. हे मी पाठ्यपुस्तकासारखं सांगू शकते. पण ज्या रस्त्याने आम्ही चाललो होतो त्याच्या बाजूला कुणाचं भात उभं असायचं ते आजीला माहीत होतं. चालता चालता ती मध्येच हात करून दाखवायची. हात एखाद्या मॉलकडे असायचा, नाव एखाद्या शेताचं.

तुर्भ्याजवळ रस्त्याकडेला हिरव्या कापडाचा मांडव दिसला. त्याच दिवशी मोहरमची दहावी होती. करबल्याला हजरत हुसेन आणि त्यांच्या माणसांचं पाणी तोडलं गेलं, त्याची आठवण म्हणून या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी, सरबत पाजतात. त्याला सबील म्हणतात. पंधरा-सोळा वर्षांची पोरं गुलाबी सरबताचे ग्लास घेऊन थेट दिंडीत शिरली. "माऊली, घ्या. माऊली, पानी."

दिंडी अडखळली, खोटं का बोलू? काही जण समोर बघत सरळ निघून गेले. काही थांबले. आमच्या मागच्या तुकडीत कुजबुज सुरू झाली, पण ती निराळीच होती. ग्लासात काळे दाणे तरंगत होते.

"सब्जा उपासाला चालतो का गो?"

"चालतो. भगर चालती तर सब्जा न चालायला काय झालं?"

"माझी सासू नाय घ्यायची."

"तुझी सासू आता हाय का बघायला?"

आजीने तुळस माझ्या हातात दिली, ग्लास दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि एका दमात संपवला. मग पोराला दुसरा मागितला. मीही घेतला. माझ्याकडे दोन लिटर पाणी होतं, हे मला रात्री आठवलं. वाकून ती पोराच्या पाया पडायला गेली, वारीत सगळेच सगळ्यांच्या पडतात. पोरगं घाबरून मागे सरलं. "नाय नाय आजी, पाप लागेल!" शेवटी त्यानेच तिचे पाय धरले आणि दोघांची टाळकी आपटली.

तेवढ्यात पावसाची सर आली. सरबताच्या पिंपाला झाकण नव्हतं. पोरं काही तरी शोधत सैरावैरा. माझी पाटी लॅमिनेट केलेली, दोन फूट बाय दीड फूट. पिंपावर ठेवली, बरोबर बसली. पाटीवरचं एक पोरगं वाचायला लागलं, "एकही अणुबॉम्ब..." आणि मग ते चिन्ह बघून, "काकू, हे मर्सिडीज?"

पुढे दिंडीने वेग घेतला होता. समजावायला वेळ नव्हता आणि पाटी मागायला जीव होईना. दोरा घातलेली टाच वाजवत आम्ही दोघी मागून धावलो.

मंदिरात तीनच्या सुमाराला पोचलो. रांग मोठी होती. पायऱ्यांशी ओल्या लुगड्यांचा आणि बुक्क्याचा वास. आजीने तुळस कट्ट्यावर टेकवली आणि पहिल्यांदाच बसली.

"त्या बायांचं पुढं नाय सांगितलंस. बॉम्ब गेले का?"

"गेले. सत्त्याऐंशीला अमेरिका-रशियाचा करार झाला, एक्क्याण्णवला शेवटचे गेले. तरी बायका दोन हजार सालापर्यंत होत्या."

"आनि जागा?"

"कुठली?"

"ती गो, जिथं इमानं व्हती. ती कोनाला गेली? बिल्डरला?"

"नाही. तारेचं कुंपण काढलं. परत सगळ्यांना मोकळी केली. आता तिथं गुरं चरतात."

रांग दोन पावलं सरकली. आजी उठली नाही.

"गुरं चरतात?"

"हो."

"इमानतलावर?"

"हो, आजी."

तिने तुळशीची माती बोटाने दाबून सारखी केली, मग पुन्हा विचारलं, "म्हंजे गावाचीच गुरं?"