बेळगाव जिल्हा फाइल, एफएम २४: वेगाचे आकडे बसले, सीए अजून डुगडुगतोय

फुटबॉल मॅनेजर २०२४ (एफएम २४) या संगणकावरच्या गेमसाठी आपण स्थानिक खेळाडूंची फाइल बनवतोय, तिच्यात 'पेस'चा (कमाल वेगाचा) रकाना आता मोजून भरलाय. नुसत्या नजरेनं भरलं की निम्मे विंगर १६-१७ वर जातात. लेले मैदानावर बॅकला मागं टाकून पळालेला पोरगा तुफान दिसतो खरा, पण तो बॅक किती पळतो हे कोण बघतंय? गुणांची १ ते २० ची पट्टी गेममधल्या साऱ्या जगाला एकच आहे.

मोजायची रीत अशी. ३० मीटरची धाव, त्यातले २० ते ३० हे शेवटचे १० मीटर पेससाठी. पहिले १० मीटर अ‍ॅक्सिलरेशनसाठी (किती पटकन वेग पकडतो त्यासाठी) वेगळे, ते काम अजून बाकी आहे. फोन २५ मीटरच्या खुणेसमोर, निदान १५ मीटर लांब, स्टँडवर. दोन्ही रेषांवर धावपट्टीच्या अलीकडे-पलीकडे एकेक कोन ठेवायचा. फोनमधून पाहताना दोन्ही कोन एकामागं एक दिसले पाहिजेत आणि पोरानं बरोबर मधून पळायचं. सेकंदाला साठ फ्रेमवर चित्रीकरण करा, व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये 'ई' दाबत फ्रेम मोजा. ७५ फ्रेम म्हणजे १.२५ सेकंद, ताशी २८.८ किलोमीटर. ६६ भरल्या तर ३२.७, आणि तेव्हाच १५ च्या पुढची भाषा करायची. एक फ्रेम चुकली तर फरक ताशी साधारण ०.४ किलोमीटरचा. स्टॉपवॉचवर बोट ०.२ सेकंद चुकलं तर तोच फरक पाचाच्या घरात जातो, म्हणून ते नकोच. पावसाळी संध्याकाळी मात्र जपा: उजेड कमी झाला की बरेच फोन गुपचूप तीस फ्रेमवर उतरतात आणि सगळी पोरं दुप्पट वेगवान निघतात!

आता सीए, म्हणजे 'करंट अ‍ॅबिलिटी', खेळाडूच्या आजच्या एकूण कुवतीचा आकडा. चोर्ला घाट उतरलं की गोवा, म्हणून तिथल्या चर्चिल ब्रदर्स क्लबची राखीव फळी गेमच्या एडिटरमध्ये उघडून तिचा सीए कमाल मर्यादा धरलाय. गुण जास्त आणि सीए कमी लिहिला तर गेम सुरू होताना गुण खाली ओढतो, मोजलेला पेससुद्धा. सीए खाणारे दोन चोर आहेत: दोन्ही पायांना २० आणि मैदानावरच्या चार-चार जागांना २०. आपल्याकडं कुणीही कुठंही खेळतो हे खरं, तरी मुख्य जागा एकच ठेवा, बाकीच्यांना १० ते १२ पुरे. डिटर्मिनेशन (जिद्द), अ‍ॅग्रेशन (आक्रमकता) आणि फ्लेअर (कल्पकता) सीएत धरले जात नाहीत, तिथं हात आखडायचं कारण नाही.

फाइल 'एडिटर डेटा' फोल्डरात टाकून नवा गेम सुरू करावा लागतो, जुन्या सेव्हमध्ये ती शिरत नाही. जन्मगाव शोधताना बेळगावचं जुनं-नवं दोन्ही स्पेलिंग टाकून बघा, नाहीतर शहर दोनदा तयार होतं.

गोलकीपरांचे गुण सध्या शून्य. शून्य ठेवलं की गेम स्वतःच आकडे भरतो, आणि त्यांना मोजायची धड रीत सापडेपर्यंत तेच बरं.