दुसरा खटका

माझ्या गिटारच्या अँपवर, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या खोक्यावर, दोन खटके आहेत. पहिला चालू-बंदचा. त्याच्याबद्दल कोणाचं काही म्हणणं नाही. दुसऱ्यावर ‘स्टँडबाय’ असं लिहिलंय, आणि त्याच्याबद्दल प्रत्येकाचं काही ना काही म्हणणं आहेच.

अँप व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी आतून तापणाऱ्या काचेच्या नळ्यांवर चालणारा. मुंबईतल्या एका वादकाकडून जुना घेतला. तो देश सोडून चालला होता, म्हणून भाव जमला. वीस-बावीस किलोचं ते धूड आम्ही दोघं जिन्यावरून उतरवत होतो तेव्हा त्याने मला संथा दिली. “आधी पॉवर. मग दोन मिनिटं थांबायचं. मग स्टँडबाय. बंद करताना उलटं. विसरू नकोस, नाहीतर व्हॉल्व्ह मरतात.” मी मान डोलावली. हातात वीस किलो असताना माणूस कशालाही मान डोलावतो.

पुढची चार वर्षं मी हे सोवळं पाळलं, आणि खरं सांगायचं तर आवडीने पाळलं. पहिला खटका वर केला की पैलू पाडलेला लाल दिवा लागतो. मागून डोकावलं तर काचेत आधी नुसता अंधार, मग निखाऱ्यावरची राख फुंकल्यासारखा नारिंगी ठिपका. थोडी धूळ जळल्याचा वास येतो. ट्रान्सफॉर्मर गुणगुणायला लागतो. आपली वीज सेकंदाला ५० हेलकावे खाते, त्यामुळे आपल्याकडचा अँप गुणगुणतो तो जी या स्वराच्या अगदी जवळ, जरासा चढा. अमेरिकेत हेलकावे ६०. तिथली गुणगुण बी फ्लॅट आणि बी यांच्या मधे कुठेतरी लोंबकळते, धड ना इकडे ना तिकडे. निदान या एका बाबतीत आपली वीज सुरात आहे.

ही दोन मिनिटं नेमकी कशासाठी, ते मात्र मी कधी विचारलं नव्हतं. ढोबळ माहिती होती. व्हॉल्व्हला दोन प्रकारची वीज लागते. एक ६.३ व्होल्टची, आतला कॅथोड तापवायला. दुसरी चारशे-साडेचारशे व्होल्टची, तापलेल्या कॅथोडमधून निघालेले इलेक्ट्रॉन ओढून घ्यायला. स्टँडबायचा खटका फक्त ही दुसरी वीज तोडतो. म्हणजे चूल पेटलेली, भांडं अजून चढवलेलं नाही.

एका रविवारी संध्याकाळी मी नेहमीसारखा पहिला खटका वर केला, मोबाइलवर दोन मिनिटं लावली, मोबाइल वाजल्यावर दुसरा खटका वर केला. आत ‘फट्’ असा आवाज झाला, एका काचेत निळसर पांढरा लोळ दिसला आणि लाल दिवा विझला. मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे दोन्ही खटके खाली घेतले. तेही बरोबर क्रमाने, आधी दुसरा, मग पहिला. मेलेल्या अँपसमोरसुद्धा सोवळं सुटलं नाही.

बुधवार पेठेत, तपकीर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर एक काका बसतात. आयुष्य रेडिओ दुरुस्त करण्यात गेलं, आता येईल ते काम करतात. त्यांनी अँप उलटा केला, चॅसिस बाहेर काढली आणि आधी एका रेझिस्टरला चिमटा लावून वीज साठवणारे कपॅसिटर रिकामे केले. डावा हात पँटच्या खिशात. हा शिष्टपणा नाही. एक हात खिशात असला की झटका छातीतून आरपार जात नाही. बंद केलेल्या अँपच्या पोटातही शेकडो व्होल्ट दडून असू शकतात, हे जिज्ञासूंनी वाचता वाचताच लक्षात घ्यावं आणि घरी उघडून बघू नये.

“किती वेळ थांबला होतात?” काकांनी विचारलं.

“दोन मिनिटं. बरोबर दोन.”

“तरीच.”

मग त्यांनी जळका व्हॉल्व्ह काढून माझ्या हातात दिला. जीझेड ३४, म्हणजे रेक्टिफायर, वीज एकेरी करणारा. काका म्हणाले, हा गडी मुळातच आळशी. थंड असला की दहा-पंधरा सेकंद जागाच होत नाही, आणि जागा झाला तरी हळूहळू वीज सोडतो. तोवर बाकीचे व्हॉल्व्ह आपोआप तापतात. “खटका याच्यात आधीपासून आहेच. काचेचा. तुम्ही त्याला दोन मिनिटं कडक तापवलंत आणि मग एकदम दार उघडलंत. पुढे कपॅसिटर रिकामे.” टँकर आला की सगळ्या घागरी एकदम पुढे सरसावतात, तसं झालं. माझ्या अँपमध्ये खटका नेमका रेक्टिफायर आणि पहिल्या कपॅसिटरच्या मधे होता. चार वर्षं तो बिचारा रोज हा मार खात होता, त्या रविवारी पडला.

म्हणजे मी पथ्य मोडलं म्हणून नव्हे, पाळलं म्हणून गेला. मला राग आला. कोणावर काढायचा ते कळेना. तो वादक तर केव्हाच विमानात बसला होता.

घरी येऊन वाचायला बसलो. भीतीचं मूळ खोटं नाही, फक्त पत्ता चुकलाय. रेडिओ केंद्रांच्या प्रक्षेपकांत मोठाले व्हॉल्व्ह असत, हजारो व्होल्टांवर चालणारे. तिथे कॅथोड पुरता तापायच्या आत एवढा दाब आला तर त्याच्यावरचा लेप उखडण्याची भीती असते, म्हणून आधी तापवायचं हा दंडकच असतो. गिटारच्या अँपमधल्या चार-पाचशे व्होल्टांत तसं काही होत नाही. पण १९५० च्या दशकात फेंडर या अमेरिकी कंपनीच्या मोठ्या अँपवर हा खटका आला. लिओ फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे, १९३८ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये दुकान काढलेले. गिटार त्यांना शेवटपर्यंत वाजवता आली नाही. (हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की त्यांनी मजुरीतले पन्नास रुपये सोडले.) पुढे साठच्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या हॅनवेल भागातल्या जिम मार्शल यांच्या दुकानात फेंडरचाच ‘बासमन’ अँप समोर ठेवून ‘जेटीएम ४५’ हा मार्शलचा अँप घडवला गेला. सर्किट आलं, सोबत खटकाही आला. मग ज्याने त्याने मोठा अँप बनवला, त्याने खटका लावला.

श्राद्धाला मांजर मधे मधे करतं म्हणून टोपलीखाली झाकणाऱ्या भटजींची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या मुलाच्या घरी मांजर नव्हतं, म्हणून त्याने श्राद्धाच्या दिवशी शेजाऱ्याचं आणून झाकलं. मी चार वर्षं शेजाऱ्याचं मांजर झाकत होतो.

आणि पुरावा तर घरातच होता. फेंडरच्याच लहान अँपवर, ‘चॅम्प’ आणि ‘प्रिन्स्टन’वर, हा खटका नाही आणि ते साठ-साठ वर्षांचे होऊन अजून वाजतायत, एवढं लांब जायचीही गरज नाही. आमच्याकडे व्हॉल्व्हचा रेडिओ होता. पोस्टात जाऊन त्याचं लायसन भरायचं त्या काळातला. आवाजाचं बटण उजवीकडे ‘टक्’ केलं की झालं. आवाज यायला अर्धा मिनिट लागायचा, तेवढ्यात आई कुकर लावून यायची. आधी तापवा मग वाजवा असं कोणी आम्हाला सांगितलं नाही. त्यात कोणी दुसरा खटका लावला नाही. रेडिओ आधी आजोबांनी वापरला, मग वडिलांनी, आणि शेवटी गेला तो व्हॉल्व्हमुळे नव्हे, मागच्या पुठ्ठ्यातून शिरलेल्या उंदरामुळे.

उलट नुसतं तापत ठेवण्याचाच तोटा आहे, हे वाचून तर मी खुर्चीत सरळ झालो. अमेरिकेत एमआयटीमध्ये ‘व्हर्लविंड’ नावाचा सुरुवातीच्या काळातला संगणक बांधत होते. त्यातले काही व्हॉल्व्ह तासन् तास तापलेले असायचे, पण त्यांच्यातून प्रवाह जात नसे. आणि मग गरज पडली की नेमके हेच ऐन वेळी अशक्त निघत. शोधल्यावर कळलं की कॅथोडच्या निकेलमध्ये जे सिलिकॉन होतं, त्यामुळे लेपाच्या खाली एक थर साचत जातो आणि तो प्रवाहाला अडवतो. काम करणारा व्हॉल्व्ह बराच काळ टिकतो, कामाशिवाय तापलेला बिघडतो. अर्थात हे शेकडो तासांचं गणित. मैफिलीच्या मध्यंतरात वीस मिनिटं स्टँडबायवर ठेवलं तर काही बिघडत नाही. आणि या खटक्याचा सरळ उपयोग तेवढाच आहे. वादक चहाला गेला की अँप गप्प बसवायचा, पण थंड होऊ द्यायचा नाही. तेही आवाजाचं बटण शून्यावर आणून साधतं, पण मग परत आल्यावर मघाचा आवाज नेमका कुठे होता ते शोधत बसावं लागतं.

काकांना म्हटलं, “मग खटका काढूनच टाका.” ते नको म्हणाले. भोक बुजवायला काय लावणार, वर मालाची किंमत जाते. त्यांनी खटक्याच्या दोन टोकांमधे एक रेझिस्टर आडवा जोडला, १०० किलोओहमचा, चांगला जाडजूड. आता खटका खाली असला तरी थोडी थोडी वीज झिरपत राहते. घागरी अगदीच रिकाम्या नसतात, खटका वर केला तरी तेवढी झुंबड उडत नाही. नवीन जीझेड ३४ मिळायला मात्र तीन आठवडे गेले. एकेकाळी बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये व्हॉल्व्ह बनत, काकांच्या एका ड्रॉवरमध्ये त्या निळसर डब्या अजून आहेत, पण माझ्या मापाचा त्यात नव्हता.

या रेझिस्टरचा एक उपपरिणाम काकांनी सांगितला नव्हता. स्टँडबायवर असतानाही अँप आता वाजतो. अगदी बारीक, शेजारच्या घरात कोणीतरी कुजबुजतंय इतकाच. पण सूर फाटलेला, खरखरीत, मला मोठ्या आवाजात हवा असतो अगदी तसा. आमच्या खालच्या मजल्यावरचे एक आजोबा दुपारी एक ते चार झोपतात आणि त्या वेळात बेल वाजवणाऱ्याची गय करत नाहीत. मी एक ते चार स्टँडबायवर वाजवतो.

क्रम आता पाळत नाही. दुसरा खटका वरच ठेवून पहिल्यानेच चालू करतो. सुरुवातीला पंधरा दिवस बोट आपोआप दुसऱ्याकडे जायचं, चप्पल काढून देवळात शिरावं तसं. आता जात नाही. जेवायला हाक आली की मात्र तो अजून खाली करतो, कारण परत यायचं असतं. दोन्ही खटक्यांचा आवाज वेगळा आहे. दुसरा हलका, ‘टिक्’. पहिला दणकट. बायकोला स्वयंपाकघरातून दोन्ही ओळखू येतात. ‘टिक्’ झालं आणि मी ‘बंद केला गं’ म्हटलं की ती पोळी लाटता लाटताच सांगते, “मोठा वाजला नाही अजून.”