यंदाची तिसरी नोंद: गळकी बाटली आणि जुना खिळा

आला! २४ एप्रिल, सकाळी ६ वाजून ५२ मिनिटं. यंदाचा पहिला हमिंगबर्ड, नर. चोच बघितली, दुभंगलेली काळी शेपटी बघितली, लाल गळा मात्र काळाकुट्ट दिसला, कारण ऊन यायचं होतं. कुठे आला ते शेवटी सांगते. जिथे मी तीन आठवडे डोळे लावून बसले होते तिथे आला नाही, एवढं आत्ता पुरे.

त्याआधी मागच्या नोंदीतलं एक वाक्य मागे घ्यायचंय. फीडरबद्दल, म्हणजे या पक्ष्यांसाठी साखरपाणी भरून टांगते त्या बाटलीबद्दल, मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, "पक्षी दिसत नाही, पण साखरपाणी रोज कमी होतंय, म्हणजे पाहुणा येऊन जातोय." दक्षिणेला नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीच्या मंडळींकडे मार्चअखेरीलाच नर पोचले होते, पहिल्या नोंदींच्या नकाशावरचे ठिपके व्हर्जिनिया, मेरीलँड करत वर सरकत होते, आणि न्यू जर्सीत आम्ही नुसतेच बसलो होतो. अशा वेळी माणूस काहीही मानून घेतो. नवऱ्याने शांतपणे विचारलं, "तीन ग्रॅमचा पक्षी दिवसाला चाळीस ग्रॅम पितो?" त्याला फीडरमधलं काही कळत नाही, पण ताळेबंद कळतो. स्वतःच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट प्यायला तरी दहाच्या आसपास. उरलेले तीस कोण पितं?

मग स्वयंपाकघरातला वजनकाटा बाहेर आला. रोज सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी सातला बाटली काढायची, पुसायची, वजन करायचं, परत टांगायची. कणीक मोजायच्या काट्यावर फीडर बघून आईने दोन दिवस बोलणं टाकलं होतं. (आई वाईहून आली आहे, सप्टेंबरपर्यंत इथेच आहे. पुढे तिचा संबंध येणार आहे.)

आकडे असे आले: ढगाळ दिवशी घट ६ ग्रॅम. स्वच्छ उन्हाच्या, वारा नसलेल्या दिवशी २८. ऊन आणि वारा दोन्ही असतील तर ४३. आणि रात्री जवळजवळ काही नाही. रात्री नाही म्हणजे रॅकून (रात्री हिंडणारा इथला प्राणी) नव्हे. मी दोन रात्री कॅमेरा लावून बसले होते ती मेहनत वाया. कॅमेऱ्यात शेजाऱ्यांचं मांजर मिळालं, एवढंच.

पहिला संशय वॉशरवर. माझी बाटली तुम्हाला माहीत आहे, तीच, ४७० मिलीची, खाली लाल तबकडी आणि चार प्लास्टिकची फुलं. वॉशर बदलला. फरक नाही. आट्यांवर नळाची पांढरी टेप गुंडाळली. तरी नाही. मग टेपचे तीन वेढे दिले, तर झाकण अर्धवटच बसलं आणि सगळं साखरपाणी माझ्या चपलेवर. नवीन तबकडी मागवली ती वेगळ्याच मापाची निघाली. विकणाऱ्याने लिहिलं होतं "सर्व बाटल्यांना बसते". बसत नाही. परत पाठवायचा खर्च किमतीपेक्षा जास्त, म्हणून ती आता कुंडीखाली आहे.

शेवटी नीट बसून विचार केला तेव्हा आठवीतलं विज्ञान कामाला आलं. उलटी बाटली न सांडता उभी राहते ती वरच्या हवेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी असतो म्हणून. ती हवा तापली की फुगते, आणि फुगली की खालचं पाणी फुलांतून बाहेर ढकलते. एप्रिलमध्ये कोणी पीत नाही म्हणून मी कंजूषपणे बाटली अर्धीच भरत होते, म्हणजे २३५ मिली पाणी आणि वर २३५ मिली हवा. सकाळी तापमान ४ अंश (सेल्सिअस सांगतेय, हिशेब सोपा जातो), आणि दुपारी मांस भाजताना टोचतात तो थर्मामीटर बाटलीला टेकवला तर ३३. २९ अंशांची वाढ. निरपेक्ष तापमानात २७७ वर २९ म्हणजे साडेदहा टक्के. २३५ चे साडेदहा टक्के म्हणजे पंचवीस मिली. साखरपाणी पाण्यापेक्षा थोडं जड, म्हणजे साधारण २७ ग्रॅम.

काट्यावर आले होते २८!

मंडळी, मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या. पक्षी दिसला त्या दिवशीसुद्धा इतका आनंद झाला नाही असं म्हटलं तर खोटं होईल, पण फार खोटं नाही. वाऱ्याच्या दिवशीचे जादाचे पंधरा ग्रॅम म्हणजे बाटली झोके खाते त्याचे. संध्याकाळी हवा गार होऊन आकसते, बुडबुड्यांनी बाहेरची हवा आत घेते, आणि दुसऱ्या दिवशी वरची पोकळी आणखी मोठी. म्हणजे बाटली जितकी रिकामी होते तितकी जास्त गळते. माझा कंजूषपणाच मला महाग पडत होता.

पडताळा म्हणून २१ तारखेला बाटली गळ्यापर्यंत भरली, वर जेमतेम तीस मिली हवा. भर उन्हात टांगली. घट ५ ग्रॅम. सिद्ध.

पण रोज गळ्यापर्यंत भरायची म्हणजे रोज अर्धा लिटर, आणि प्यायला कोणी नाही, तीन-चार दिवसांनी ओतून द्यायचं. यावर मला मध्यरात्री जी कल्पना सुचली ती सांगायला लाज वाटते: बाटलीत गोट्या भरायच्या. पाणी कमी, गोट्यांनी जागा अडवलेली, हवाही कमी. तत्त्व बरोबर आहे. प्रत्यक्षात उलटी केल्यावर सगळ्या गोट्या गळ्यात येऊन बसल्या, आणि धुताना प्रत्येक गोटी वेगळी घासावी लागली. नवरा म्हणाला, "छोटी बाटली घे की." यावर मी काहीही बोलले नाही.

गळतीचा खरा त्रास साखर वाया जाण्याचा नव्हता, मुंग्यांचा होता. खाली डेकवर चिकट डाग, डागावरून खांब, खांबावरून आकडा, आकड्यावरून तार. खंदक, म्हणजे मुंग्या अडवायला फीडरच्या वर लावतात ती पाण्याची वाटी, लावलेला होताच. तो यंदा नवीन घेतला, खोल वाटीचा, आणि त्याबद्दल तक्रार नाही. साधं पाणी भरायचं, तेल-व्हॅसलिन काही नको, पिसांना लागलं तर पक्ष्याची वाट लागते. तरीही १८ तारखेला मुंग्या पलीकडे पोचल्या. कशा, ते मी खुर्चीवर चढून बघितलं. वरच्या रेड मेपलची लाल फुलं गळतायत ना, ती खंदकात पडून एकमेकांना चिकटली होती, आणि त्यांच्यावरून मुंग्यांची एकेरी रांग चालली होती. मेलेल्या दोन-तीन मुंग्यासुद्धा पुलात बसवलेल्या. रामसेतूच! त्या रांगेतली एक मुंगी मधोमध थांबली, मिशा हलवल्या, पाण्याकडे बघितल्यासारखं केलं आणि पुढे गेली. मी चमच्याने पूल काढून टाकला, पण जरा वाईटच वाटलं. तर खंदकवाल्यांनो, मेपलखाली असाल तर फुलं संपेपर्यंत दिवसातून दोनदा खंदक साफ करा. चिकॅडी (इथले छोटे पक्षी) त्यातलं पाणी पिऊन जातात ते वेगळंच.

तेव्हा जाहीर करते: बाटलीपक्ष सोडला. दोन वर्षं मी इथे बाटलीची बाजू लावून धरली, लांबून दिसते, पातळी कळते वगैरे, आणि बशीवाल्यांना, म्हणजे वर भोकं असलेला उथळ बशीसारखा फीडर टांगणाऱ्यांना, नावं ठेवली. बशीत पाणी भोकांच्या खाली असतं, वर दाबून धरलेली हवाच नाही, त्यामुळे तापली तरी ढकलायला कोणी नाही. धुवायलाही दोन मिनिटं. माझी एकच शंका होती की पातळी खाली गेल्यावर पक्ष्याला पोचेल का. पण त्यांची जीभ चोचीच्या बरीच पुढे जाते. आणि ती नळीसारखी ओढत नाही. केशाकर्षणाने पाणी चढतं असं फार वर्षं मानत होते, पण २०११ मध्ये कनेक्टिकट विद्यापीठातल्या रिको-ग्वेव्हारा आणि रुबेगा यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने दाखवलं की जिभेची दोन टोकं पाण्यात उलगडतात आणि बाहेर येताना मिटून थेंब पकडतात. तेव्हा बशीत तळाशी बोटभर असलं तरी चालतं. बशी मागवली, २३ ला आली.

साखरपाण्याचं प्रमाण तेच, नव्यांसाठी एकदाच लिहिते: पाव कप पांढरी साखर, एक कप पाणी, काट्यावर ५० ग्रॅमला २४० मिली. लाल रंग नको. दुकानातलं लाल तयार पाणी घेऊ नका, साध्या साखरेचे पैसे चौपट मोजायचे आणि वर रंग. आईचा आग्रह गुळाचा होता ("साखर उष्ण पडते गं एवढ्याशा जिवाला"). गुळात लोह असतं, ते यांना सोसत नाही. मधही नको, लवकर आंबतो. आणि एकतारी पाक तर नकोच, हेही तिला सांगावं लागलं.

आता आईचं प्रकरण. १९ तारखेला सकाळी चहा घेताना ती म्हणाली, "तो डेकच्या कोपऱ्यात शिंजीर येऊन गेला बघ." वाईच्या घरी जास्वंदीवर शिंजीर यायचे, त्यामुळे लहान, चपळ, फुलावर येणारं ते सगळं तिच्या लेखी शिंजीर. मी तिला समजावलं की दिसायला जुळे वाटले तरी यांचं त्यांचं नातं नाही, हमिंगबर्ड पाकोळीच्या जवळचे. ती म्हणाली, "असेल, पण आला होता." मी विचारलं, चोच दिसली? "एवढ्या लांबून? पण हवेत उभा होता." आता, एप्रिलच्या मध्यात आमच्या डेकच्या कठड्यापाशी हवेत उभं राहणारं जे असतं ते सुतारभुंगा. नर भुंगे तिथेच पहारा करतात, मादी लाकूड कोरते. आपला नियमही ठरलेला आहे: चोच दिसल्याशिवाय नोंद नाही. मी नोंदवलं नाही.

२४ ला सकाळी बशी भरून बाहेर आले. ढगाळ, गार, बोटं बधिर. नवीन आकड्याकडे, म्हणजे मेपलखालच्या खांबाकडे निघाले, आणि डाव्या कानाशी ती घरघर. सेकंदाला पन्नासच्या आसपास पंख हलतात तो आवाज ऐकून कितीतरी महिने झाले होते, तरी मान आपोआप वळली. डेकच्या कोपऱ्यात, कठड्याच्या वर दीडेक हात, जिथे काहीही नाही अशा जागी तो हवेत उभा होता. थोडा मागे सरला, थोडा खाली आला, पुन्हा तिथेच. मला कळेना काय बघतोय. मग दिसलं: वरच्या तुळईला जुना खिळा. गेल्या वर्षी सप्टेंबरपर्यंत बाटली त्या खिळ्याला होती! मुंग्यांपायी मार्चमध्ये मी ती खांबावर नेली, आणि हा मेक्सिकोचं आखात ओलांडून, आठशे किलोमीटर न थांबता, बरोबर बाटलीच्या उंचीवर येऊन उभा. पायात कडी घालून केलेल्या अभ्यासांतून त्याच अंगणात परतणारे पक्षी सापडलेले आहेत, हे वाचलेलं होतं. माझ्या पक्ष्याला कडी नाही, तेव्हा तोच हे मी शपथेवर सांगणार नाही. पण उगाच कोणी रिकाम्या हवेची चौकशी करत नाही.

हातात भरलेली बशी. हलले तर जाणार, न हलले तर देणार कशी? सात-आठ सेकंद आम्ही दोघं तसेच. मग "टिक" करून तो मेपलवर गेला. मी बशी त्या खिळ्याला टांगली (थरथरत्या हाताने, निम्मी बाहीवर), आत गेले, आणि चार मिनिटांत तो बशीच्या कडेवर बसून पीत होता. पिऊन झाल्यावर उडाला नाही, तिथेच पिसं फुलवून बसला. रात्र थंड होती, बहुधा गारठून अर्धनिद्रेत काढली असावी. मेपलच्या खोडावर सॅपसकर या सुतारपक्ष्याने पाडलेल्या भोकांच्या ओळी आहेत, फुलं नसताना तोही रस यांना चालतो, पण त्या दिवशी बशीच बरी वाटली असणार. कुंपणावरची कोरल हनीसकल अजून कळ्यांतच आहे.

सव्वासातला ऊन आलं, त्याने मान वळवली, आणि गळा पेटला. आई मागून म्हणाली, "हाच."

त्यामुळे बेत बदलला. मी सगळे फीडर खांबावर नेणार होते, ते रद्द. बशी खिळ्यालाच राहणार. माद्या आठ-दहा दिवसांत येतील तेव्हा याची दादागिरी सुरू होईल, म्हणून दुसरी बशी घराच्या पलीकडे, याला दिसणार नाही अशी. हे लिहितानाच सुचतंय की पलीकडे नैऋत्येचं ऊन आहे, गळती नसली तरी पाणी लवकर आंबेल, दोन दिवसांआड बदलावं लागेल. मग स्वयंपाकघराची उत्तरेची खिडकी? तिथे काचेवर धडकायची भीती. काचेच्या अगदी जवळ, हातभर अंतरात लावली तर वेग पकडायला जागाच मिळत नाही, म्हणजे तेच करावं. ठरलं. बाटली धुऊन पोटमाळ्यावर.

वहीत २४ एप्रिल शाईने लिहिलंय. त्याच्या वर १९ एप्रिल पेन्सिलने, "आई, चोच नाही, खिळ्यापाशी." ती म्हणते शाईने लिही. अजून बोलणी चालू आहेत.

बशीवाल्यांना एक प्रश्न: काल पावसात भोकांतून पाणी आत गेलं का ते कसं ओळखता? मी वजन केलं तर ११ ग्रॅम वाढलं होतं. वर छत्री लावायची, की प्रत्येक पावसानंतर ओतूनच द्यायचं?