धोका

तीन दिवस झाले, तो शब्द डोक्यातून जात नाही.

डॉक्टर वाईट काही बोलल्या नाहीत. नेहमीपेक्षा सावकाशच बोलल्या. रिपोर्टवर बोट ठेवून म्हणाल्या, "डाउन सिंड्रोमचा धोका 90 मध्ये 1 येतोय, जरा जास्त आहे." शेजारच्या खुर्चीत दादा, माझी फाईल मांडीवर धरून बसलेला. त्याच्याकडे लक्ष गेलं आणि त्यांनी आवाज खाली आणला. कशाला? त्याला उत्तम ऐकू येतं.

लिफ्टमध्ये त्याने विचारलं, "धोका म्हणजे विजेच्या डब्यावर लिहितात तो?" मी हो म्हटलं. मग म्हणाला, "बाळाला शॉक बसणार?" "नाही रे, काही नाही," म्हणून मी दाराकडे बघत राहिले.

त्या रात्री खूप रडले. या वयात दिवस राहिले, त्यात हे. आई असती तर निदान... असो.

झोप येईना म्हणून वाचत बसले. 21 क्रमांकाच्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती, एवढंच ते. 1959 मध्ये पॅरिसच्या लेज्यून, गोतिए आणि तुर्पँ यांनी हे जगापुढे मांडलं. आपला शोध अशी मुलं जन्माआधीच वगळायला वापरला जातोय, याचं लेज्यूनना पुढे फार दुःख होतं. गर्भपाताबद्दलची त्यांची मतं मला मान्य नाहीत. मूल ठेवायचं की नाही हे त्या बाईने ठरवायचं, यावर मी आजही ठाम आहे. पण ठरवताना तिच्यासमोर 'धोका' हाच शब्द ठेवला, तर निम्मं आधीच ठरलेलं नसतं का? 'शक्यता' म्हणता येतं की. आकडा तोच राहतो.

1982 साली अमेरिकेत, इंडियानामध्ये, असंच एक बाळ जन्मलं. अन्ननलिका बंद होती. ऑपरेशन करता आलं असतं. डाउन सिंड्रोम आहे म्हणून आईवडिलांनी नको म्हटलं, कोर्टानेही ते मान्य केलं. सहा दिवसांत बाळ गेलं. दादा त्यानंतर दोनच वर्षांनी जन्मला. त्याच्या छातीवरची ती लांब खूण मी लहानपणापासून बघतेय. ते ऑपरेशन व्हावं म्हणून आईने कोणाकोणाचे पाय धरले, ते तिने धड कधी सांगितलं नाही.

आज सकाळी मात्र एकदम आठवलं. तपासणीच्या आदल्या दिवशी फोनवर मीच विचारलं होतं, "मॅडम, माझ्या वयात धोका किती असतो?" शब्द माझाच होता. दादाबरोबर एका ताटात जेवत वाढलेली मी, आणि माझ्याच तोंडून तो इतका सहज निघाला. म्हणजे डॉक्टरांवर रागावून भागणार नाही.

पुढची रक्ततपासणी करणार आहे. तीही पक्कं निदान देत नाही, पण अशा साधारण निम्म्या बाळांच्या हृदयात दोष असतो, आणि तो आधी कळला तर तयारी करता येते. मला कळून घ्यायचंय ते यासाठी. निदान आज तरी यासाठीच, असं वाटतंय.

संध्याकाळी दादाला जवळ बसवून सांगितलं की बाळ कदाचित तुझ्यासारखं असेल. त्याने थोडा वेळ विचार केला. "मग शॉक नाही ना?" "नाही." फाईल त्याने स्वतःच्या बॅगेत ठेवलीय, गुरुवारी मीच येणार म्हणतो. येऊ दे.