एका कोऱ्या मतपत्रिकेबद्दल

तारीख २५ मार्च २०२५, मंगळवार. पेनसिल्व्हेनियाच्या लँकेस्टर काउंटीत लिटिट्झजवळच्या एका चर्चच्या तळघरात आमचं मतदान केंद्र होतं. राज्याच्या सिनेटची, म्हणजे इथल्या वरच्या सभागृहाची पोटनिवडणूक. मी तिथे क्लार्क.

अमेरिकेतही राज्यांना सिनेट असते हे गावाकडे सांगितलं की लोक म्हणतात, "म्हणजे आपली विधान परिषद." नव्हे. आपल्या परिषदेवर आमदार, पदवीधर, शिक्षक, नगरसेवक असे वेगवेगळे मतदार माणसं पाठवतात आणि काहींना राज्यपाल नेमतात. इथे सगळे ५० सिनेटर जनताच थेट निवडते. एकेकाच्या वाट्याला साधारण अडीच लाखांवर लोक येतात. मुदत चार वर्षांची आणि दर दोन वर्षांनी अर्ध्या जागांची निवडणूक. आमच्या ३६व्या मतदारसंघाचे रायन ऑमेंट मुदत बाकी असताना राजीनामा देऊन केंद्रातल्या, म्हणजे अमेरिकी सिनेटच्या एका सिनेटरकडे कामाला गेले, म्हणून ही मधली निवडणूक. अशा वेळी पक्षांतर्गत प्राथमिक फेरी नसते. पक्षच उमेदवार ठरवतात. रिपब्लिकनांकडून काउंटीचे कमिशनर जॉश पार्सन्स, डेमोक्रॅटांकडून ईस्ट पीटर्सबर्ग गावाचे महापौर जेम्स मॅलोन, आणि तिसरा लिबर्टेरियन या छोट्या पक्षाचा. मतपत्रिकेवर ही तीनच नावं आणि खाली हातानं नाव लिहायला एक मोकळी ओळ. त्या ओळीवर मिकी माऊस लिहिणारा एक तरी महाभाग प्रत्येक निवडणुकीत निघतो, आणि त्याला वाटतं हा विनोद आपल्यालाच सुचला.

मी सातारा जिल्ह्यात झेडपीची शिक्षिका होते. निवडणूक ड्युटी म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको. आदल्या रात्री मतपेट्या घेऊन ट्रकमधून जाणं, शाळेच्या फरशीवर झोपणं, शाई, सतरा-अ ची नोंदवही, सगळं केलंय. त्यामुळे इथे पहिल्यांदा बसले तेव्हा हसूच आलं. शाई नाही. केंद्रावर पहिल्यांदा येणारे सोडले तर ओळखपत्र विचारायचं नाही. पोलीस तर केंद्रापासून १०० फूट लांबच राहायला हवा, मत द्यायला आला असेल किंवा आम्हीच बोलावला असेल तरच आत. आपल्याकडे प्रचाराला १०० मीटरच्या आत बंदी. इथे दाराच्या १० फुटांपलीकडे उमेदवाराची माणसं पत्रकं घेऊन उभी असतात आणि मध्येच आम्हाला डोनट आणून देतात. (डोनट घ्यावा की नाही यावर आमच्यात दर वेळी चर्चा होते. दर वेळी घेतला जातो.)

केंद्राच्या प्रमुखाला इथे 'जज ऑफ इलेक्शन' म्हणतात. कोर्टाशी काही संबंध नाही. त्याच वस्तीतल्या मतदारांनी चार वर्षांसाठी निवडून दिलेला माणूस. त्याच्या जोडीच्या मतदान अधिकाऱ्याला 'इन्स्पेक्टर' म्हणतात, पोलिसांशी काही संबंध नाही. आमची जज म्हणजे निवृत्त नर्स. कामाला वाघ, पहाटे सहाला सील तपासताना एकही आकडा सुटत नाही. माणसाशी बोलताना मात्र ती इंजेक्शन दिल्यासारखं बोलते.

दिवस बऱ्यापैकी संथ होता. पावणेपाचच्या सुमारास एक आजोबा आले. ऐंशीच्या आसपासचे, फरची टोपी, हातात दोन पाकिटं. नाव सांगितलं. मी वही उघडली. वहीत प्रत्येक नावाशेजारी त्या मतदाराची जुनी सही छापलेली असते आणि तिच्याजवळ आज सही करायला जागा. त्यांच्या नावापुढे सहीच्या जागी सूचना होती: टपाली मतपत्रिका परत द्यावी, नाहीतर तात्पुरतं मत (पात्रता तपासून नंतर मोजायचं) द्यावं. आणि लगेच वरच्या ओळीत तेच आडनाव, बाईचं नाव, तीच सूचना.

हा प्रकार बाहेरच्यांना माहीत नसतो म्हणून सांगते. ज्यानं टपाली मतपत्रिका मागवली, त्याला केंद्रावर साधं मत देता येत नाही. एकाच माणसाची दोन मतं पडू नयेत म्हणून. पण न भरलेली मतपत्रिका आणि तिच्याबरोबर आलेलं मतदाराच्या प्रतिज्ञापत्राचं बाहेरचं पाकीट, दोन्ही आणून दिलं, तर आम्ही ते रद्द करतो, एका निवेदनावर सही घेतो आणि कोरी नवी मतपत्रिका देतो. दोन्ही म्हणजे दोन्ही. लोक मतपत्रिका आणतात आणि पाकीट घरी कचऱ्यात टाकून येतात, मग आमच्यावरच डाफरतात. टपाली मताच्या नियमांचं तर एक वेगळंच शास्त्र आहे. आतलं गुप्ततेचं पाकीट विसरलं तर तिला 'नागडी मतपत्रिका' म्हणतात आणि ते मत बाद. बाहेरच्या पाकिटावर सही हवी. तारखेवरून तर या राज्यात इतके खटले झालेत की विचारू नका.

आजोबांनी स्वतःचं सगळं व्यवस्थित आणलं होतं. मतपत्रिका घडीतून उलगडलीसुद्धा नव्हती. मी जजला हाक मारली, निवेदन भरून घेतलं. मग त्यांनी दुसरं पाकीट पुढे सरकवलं.

"हे बायकोचं."

पाकीट चिकटवलेलं, सही केलेली. तारीख इथल्या पद्धतीनं, आधी महिना: ३/९/२५. नऊचा आकडा दोनदा गिरवलेला, पहिल्यांदा पेन चाललं नसावं तसा.

मी म्हटलं, दुसऱ्याचं पाकीट आम्हाला घेता येत नाही. खरं तर भरलेलं पाकीट केंद्रावर स्वतःचंही घेत नाहीत. आठच्या आत काउंटीच्या कार्यालयात जायला हवं आणि तेही ज्याचं त्यानं न्यावं. कोणी आजारी-अपंग असेल तर दुसऱ्याला नेमायचा फॉर्म असतो. "त्या येऊ शकतील का?"

"ती चौदा तारखेला गेली."

माझ्या शेजारी बसलेल्या इन्स्पेक्टरनं शब्दकोडं खाली ठेवलं.

जज आली, तिनं ऐकलं आणि नियम सांगितला. या राज्यात टपाली मत देणारा माणूस मतदानाच्या दिवशी केंद्र उघडण्याआधी वारला आणि तसा पुरावा समोर आला, तर त्याचं मत नाकारतात. तिनं खात्रीसाठी काउंटीच्या कार्यालयात फोन केला, तिकडूनही तेच उत्तर. "हे परत घेऊन जा." एवढंच. 'वाईट वाटलं' हे दोन शब्द तिच्याकडे असतात, मी ऐकलेत. त्या दिवशी निघाले नाहीत.

या कलमाचं पुढचं वाक्य मी घरी येऊन पुन्हा वाचलं. असं मत चुकून मोजलं गेलं, तरी तेवढ्यावरून निवडणूक रद्द होत नाही. म्हणजे आजोबांनी ते पाकीट दहा तारखेला पेटीत टाकलं असतं आणि कोणाला कळलं नसतं, तर बाईंचं मत आज मोजलेलं असतं. ते आम्हाला दाखवायला आले, म्हणून गेलं.

आजोबा चिडले नाहीत. पाकीट कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. म्हणाले, "तिनं कोणाला दिलंय ते मला माहीत आहे. बावन्न वर्षं आम्ही एकमेकांची मतं खोडत आलो. ती एका पक्षाची, मी दुसऱ्या. एकाच गाडीतून यायचो आणि जाताना हिशेब शून्य." मग थोडं हसून, "आज माझं खोडायला कोणी नाही."

मी काही बोलले नाही. आम्हाला मतदाराशी पक्षाबद्दल बोलायची मुभा नाही, हे एक. दुसरं म्हणजे सुचलंही नाही.

ते मतपत्रिका घेऊन आडोशाला गेले. एक लढत, एक चौकट काळी करायची. पाचेक मिनिटं लागली. तेव्हा माझी पाळी स्कॅनरवर होती. आमच्याकडे बटणाचं यंत्र नाही. मतदार पेनानं कागद भरतो आणि स्वतःच स्कॅनरच्या फटीत सरकवतो. कागद आत जातो, पडद्यावर झेंडा येतो, झालं.

आजोबांचा कागद आत गेला आणि यंत्र वाजलं. झेंडा नाही. पडद्यावर मजकूर: कुठलीही खूण आढळली नाही. खाली दोन पर्याय, परत घ्या किंवा टाका.

अशा वेळी काय करायचं ते प्रशिक्षणात घोटून घेतलेलं आहे. बाजूला उभं राहायचं, पडद्याकडे बघायचं नाही, म्हणायचं, "पडद्यावरचा संदेश वाचा आणि हवा तो पर्याय निवडा." त्यांनी वाकून पाहिलं, खिसे चाचपले. चष्मा आडोशाला राहिला होता. मी आणून द्यायला हवा होता. दहा पावलांवर होता. त्याऐवजी मी पडदा पाहिला आणि बोलून गेले, "कागद कोरा आहे म्हणतंय. परत हवा, की असाच टाकायचा?"

सहा-सात फुटांवर दोन्ही पक्षांचे निरीक्षक बसले होते. दोघांनीही मान वर केली.

आजोबा म्हणाले, "असाच." आणि मी दाखवलेल्या जागी बोट ठेवलं. झेंडा आला. टोपी घालून ते गेले. चष्मा घ्यायला परत आले, तेव्हा इन्स्पेक्टरनं दिला.

मला अजून टोचतं ते हे. २००४ साली माझ्या केंद्रावर एका तरुणानं ४९-ओ मागितलं होतं. तेव्हा नोटा नव्हतं. मत द्यायचं नसेल तर केंद्राध्यक्षाला सांगायचं, तो वहीत शेरा मारणार, खाली तुमची सही. म्हणजे गावासमोर. पोलिंग एजंट टकामका बघत होते, आणि मला तेव्हाही वाटलं होतं, ही काय पद्धत झाली? पुढे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नेमकं हेच म्हटलं, की मत न देण्यालाही गुप्तता हवी, आणि यंत्रावर नोटाचं बटण आलं. मी इकडे बसून ती बातमी वाचली आणि नवऱ्याला अर्धा तास ऐकवलं होतं. आणि आता तेच मी स्वतःच्या तोंडानं केलं, माईक नव्हता एवढंच.

दुसरं म्हणजे, कोरा होता की कोरा वाचला गेला? लोक चौकटीऐवजी नावाभोवती गोल काढतात, टिंबाएवढी खूण करतात. यंत्राला ते दिसत नाही. त्यांचा हात थरथरत होता, चष्मा होता की नव्हता, देव जाणे. मी "कोरा" म्हटल्यावर त्यांनी तो शब्द मान्य केला की त्यांना तेच हवं होतं? "परत घेऊन एकदा बघता का?" एवढं विचारणं नियमातही बसलं असतं.

गाडीत इन्स्पेक्टर म्हणाली, "अगं, त्यांनी बायकोचं मत खोडलं नाही, एवढंच." तिला गोष्ट पूर्ण झालेली आवडते. मला इतकी खात्री नाही.

रात्री आठला दार बंद. मग न वापरलेल्या, रद्द केलेल्या, वापरलेल्या मतपत्रिका आणि वहीतल्या सह्या, यांचा मेळ. पहिल्या झटक्यात लागला. मतदारसंघाचा निकाल झोपायच्या आधी कळला: मॅलोन जिंकले, अंतर जेमतेम ५००च्या आसपास, आणि लिबर्टेरियन उमेदवारालाही जवळपास तेवढीच मतं. चार महिन्यांपूर्वी ट्रम्प यांनी जिथे १५ टक्क्यांनी आघाडी घेतली होती तो हा मतदारसंघ. हॅरिसबर्गमध्ये, म्हणजे राज्याच्या राजधानीत, रिपब्लिकनांचं बहुमत २८-२२ चं २७-२३ झालं. टीव्हीवाले दोन दिवस याच्यावर बोलत होते.

आमच्या केंद्रावर मात्र त्याआधी एक काम उरलं होतं. स्कॅनरमधून निकालाची लांबलचक पट्टी निघते. तिची एक प्रत दाराबाहेर लावावी लागते, म्हणजे कोणालाही येऊन वाचता येते. चिकटपट्टी माझ्या हातात होती. तीन नावं, तीन आकडे, हातानं लिहिलेली नावं, आणि सगळ्यात खाली मत न नोंदवलेल्यांची ओळ. तिथे २ होता.

दुसरं कोणाचं, ते मला ठाऊक नाही. दुपारी मी जेवायला गेले होते तेव्हाचं असेल. मी पट्टी काचेवर सरळ लावली, खालचं टोक वाऱ्यानं वळत होतं तिथे आणखी एक तुकडा चिकटवला.