41 फुटी पॅटर्न: उजव्या लेनच्या दहा नंबरचा छडा लागला

टेनपिन बोलिंगबद्दलच्या मागच्या नोंदीत घोडं जिथे अडलं होतं तिथून पुढे. पॅटर्न, म्हणजे लेनवर तेल पसरण्याची आखणी, तोच: 41 फुटी स्पोर्ट (स्पर्धेचा, कठीण), रेशो, म्हणजे मधल्या आणि कडेच्या तेलाचं प्रमाण, 3:1च्या आसपास. लेनची जोडी तीच. डाव्या लेनवर बॉल पॉकेटात, म्हणजे हेड पिन (सगळ्यांत पुढची पिन) आणि तीन नंबरच्या मधल्या फटीत, शिरतो आणि दहाही पिन झोपतात. उजव्या लेनवर तेच पाय, तोच ॲरो (लेनवरची नेमाची खूण), तोच वेग, आणि दहा नंबर (मागच्या रांगेतली उजव्या टोकाची पिन) जागचा हलत नाही. तोही फ्लॅट टेन! सहा नंबर दहाच्या मानेला वळसा घालून उडाला असता तर बॉलमध्ये दम आहे एवढं तरी म्हणता आलं असतं. इथे सहा नंबर नुसता कलंडायचा आणि लोळत गटरमध्ये जायचा. या एका पिनने नाकी नऊ आणले होते. आता तो पडतोय, आणि का पडतोय हेही बऱ्यापैकी कळलंय.

पहिला संशय अर्थातच तेलावर. पॅटर्न शीट पुन्हा काढून बसलो. लेन 39 उभ्या पट्ट्यांची, त्यांना बोर्ड म्हणतात. टू-एल ते टू-आर म्हणजे दोन्ही कडांचा एकेक बोर्ड सोडून मधले 37 बोर्ड. बोर्डाला 50 मायक्रोलिटर धरले तर एका लोडला (तेल घालणाऱ्या मशीनच्या एका फेरीला) 1,850 मायक्रोलिटर, म्हणजे 1.85 मिलिलिटर. टेन-एल ते टेन-आर म्हटलं की 21 बोर्ड, 1.05 मिलिलिटर. अशी फॉरवर्ड आणि रिव्हर्सची (मशीनच्या जाण्या-येण्याची) बेरीज करत गेलं की शीटवरचा एकूण आकडा बरोबर जुळतो. ज्यांनी अजून ही बेरीज हाताने केली नसेल त्यांनी एकदा जरूर करा. नुसता आलेख बघून पॅटर्न समजत नाही, तेल कुठे थरावर थर चढतंय ते बेरजेतच दिसतं.

पण शीट सांगते ती मशीनला दिलेली आज्ञा. लेनवर प्रत्यक्षात काय पडलं ते टेपच सांगते. मेकॅनिकने मोठ्या मनाने ताज्या तेलावर टेप काढू दिली, दोन्ही लेनवर, तीन-तीन अंतरांवर. टेप आडवी चिकटवायची, सगळीकडे सारखी दाबायची आणि एका दमात उचलायची. लेनच्या तेलात अतिनील प्रकाशात चमकणारं द्रव्य असतं, त्यामुळे रीडरमध्ये (टेपवरचं तेल मोजणाऱ्या यंत्रात) घालण्याआधीच यूव्ही टॉर्चखाली मधला उजळ पट्टा आणि कडांकडे विरत जाणारी चमक डोळ्यांना दिसते. ते बघताना अंगावर काटा आला, खरंच. रीडरचे आलेख एकावर एक ठेवले तर डावी-उजवी लेन ओळखू येईना. म्हणजे तेल निर्दोष.

मग बॉलचं पृष्ठ. माझा रिॲक्टिव्ह सॉलिड (तेल शोषणाऱ्या पृष्ठाचा बॉल) 2000च्या ॲब्रालॉनवर (घासायच्या पॅडवर) आहे, आणि प्रत्येक सत्राआधी नव्याने घासतोय. (पॅडबद्दल एक सांगतो: एका विक्रेत्याकडून आलेले पॅड दोनदा वापरताच गुळगुळीत झाले. झिजलेला 2000चा पॅड 3000सारखा वागायला लागतो आणि आपण पॅटर्नला दोष देत बसतो. पॅडवर कंजुषी नको.) तरीही उजव्या लेनवर काही फरक नाही. बॉल परत आला की टॉवेल लावण्याआधी मी तेलाच्या कड्या बघायला लागलो. बोटांच्या बाजूला त्या एकमेकींना छेदतात, तिथून पसरत जातात आणि पलीकडे पुन्हा जवळ येतात. दोन्ही लेनवरून आलेल्या बॉलवर कड्यांमधलं अंतर सारखंच. तेव्हा हातही तोच आणि रेव्हही (बॉलचे फेरेही) तेच. कुठेतरी पाणी मुरत होतं, पण तेलात नव्हतं आणि बॉलमध्येही नव्हतं.

आता नियमाप्रमाणे काय करायचं? बॉल लाइट जातोय, म्हणजे पॉकेटाच्या उजवीकडे चुकतोय, तर पाय उजवीकडे. एक बोर्ड सरकलो. बॉल उजवीकडून 17.5 बोर्डावर, अगदी पॉकेटात. दहा नंबर उभा! इथे माझं डोकं खऱ्या अर्थाने तापलं. नंतर भूमिती मांडली तेव्हा कारण दिसलं. पाय उजवीकडे आणि टार्गेट तेच म्हटलं की बॉल बाहेर जाण्याचा कोन कमी होतो, बॉल सरळ होत जातो, आणि पॉकेटात शिरण्याचा कोनही घटतो. आदर्श कोन 6 अंशांचा मानला जातो. हुक अजिबात न करता अगदी कडेच्या बोर्डावरून सरळ फेकलं तरी दीड अंशही होत नाही, कारण 60 फुटांत आपण जेमतेम साडेसतरा इंच आत येतो. कोन गेला की पॉकेट मिळूनही बॉल हेड पिनवर आपटून बाजूला ढकलला जातो आणि सहा नंबरला जोर मिळत नाही. लाइट हिट सुटली, फ्लॅट टेन तसाच राहिला.

उत्तर मिळालं ते माझ्या डावखुऱ्या जोडीदारामुळे. त्याचा बॉल उजव्या लेनवर सारखा हाय जात होता, हेड पिनच्या नाकावर. माझा लाइट, त्याचा हाय, आणि दोघांनाही हे एकाच लेनवर. तेल जास्त असतं तर दोघांचेही लाइट गेले असते, कमी असतं तर दोघांचेही हाय. दोघांचे बॉल एकाच दिशेला, उजवीकडे सरकत होते. टेपने दोन्ही बाजूंचं तेल सारखं दाखवलंच होतं. उरला फक्त लेनचा उतार.

यूएसबीसी या अमेरिकी बोलिंग संघटनेच्या नियमानुसार लेनमध्ये आडवा कल, फुगवटा किंवा खोलगा एका इंचाच्या 40 हजारांशांपेक्षा जास्त नसावा. वाचताना वाटतं, इतक्याशा कलाने काय होणार? म्हणून हिशेब केला. लेनची रुंदी सुमारे साडेएकेचाळीस इंच. त्यावर 40 हजारांश म्हणजे उतार साधारण हजारात एक. ताशी 17 मैलांच्या बॉलला पिनपर्यंत जायला सुमारे 2.4 सेकंद लागतात. तेवढ्या वेळात एवढा उतार बॉलला आडवा ओढून नेतो साधारण 1.08 इंच. आणि एक बोर्ड किती इंचांचा? 1.06! हे उत्तर आलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. संपूर्ण लांबीभर एकाच बाजूला कल आहे असं धरलंय, घर्षणही सोडून दिलंय, त्यामुळे हा वरच्या टोकाचा आकडा. पण पूर्णपणे नियमात बसणारी लेनसुद्धा बॉलला एका बोर्डाच्या आसपास हलवू शकते, आणि पॉकेटात अर्धा बोर्डही पुरतो.

शिवाय तेलावर बॉल घसरत असतो, तिथे त्याला धरून ठेवणारं घर्षण फार थोडं. म्हणून फाउल लाइनपासून ॲरोच्या पुढपर्यंतचा कल मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सुरुवातीला मिळालेला आडवा वेग पुढे ब्रेकपॉइंटपर्यंत (बॉल आत वळायला लागतो तिथपर्यंत) सोबत येतो.

मग उपाय सोपा होता आणि पुस्तकी सल्ल्याच्या उलटा. बॉल लाइट जात असतानाही डावीकडे सरकायचं, पण समांतर: पाय एक बोर्ड डावीकडे, टार्गेटही एक बोर्ड डावीकडे. बाहेर जाण्याचा कोन तोच राहतो, फक्त आख्खी रेघ सरकते. 31च्या नियमाने (पॅटर्नच्या लांबीतून 31 वजा करायचे) 41 फुटांना ब्रेकपॉइंट दहाव्या बोर्डावर येतो. उजव्या लेनवर मी अकराव्यावर नेम धरतो आणि दहाव्याच्या आसपासचं काम उतार करून देतो. पहिल्याच बॉलला सहा नंबर तिरका उडाला, दहाच्या मानेवर बसला आणि दोघे एकदम गेले. तो आवाज अजून कानात आहे. लगेच पुढच्या फ्रेमला पुन्हा तेच, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

आता मला हेही कळतंय की हाउस पॅटर्नवर (सेंटरच्या रोजच्या पॅटर्नवर) हीच जोडी इतकी वर्षं गरीब गाय होऊन का वागत होती. तिथे रेशो 10:1च्या घरात, बाहेर कोरडं, मध्ये तेलाचा ढीग. बॉल एक बोर्ड बाहेर सरकला तर कोरड्यावर पकडतो आणि परत येतो, आत सरकला तर तेल त्याला धरून ठेवतं. उतार झाकला जातो. 3:1वर बाहेरही तेल असतं, परत आणणारं कोणी नाही, म्हणून पॅटर्न जितका सपाट तितकी लेन स्वतः बोलायला लागते. माझ्या मते स्पोर्ट पॅटर्नवरचे निम्मे वाद तेलाचे नसतातच.

एक बाजूची नोंद: जोडीदार युरेथेनचा बॉल वापरत असेल तर तिसऱ्या गेमपासून बॅकएंडला (लेनच्या पिनांकडच्या कोरड्या भागात) तेल वाहून जातं. रिॲक्टिव्ह बॉल ते पिऊन टाकतो, युरेथेन पुढे नेऊन ठेवतो. उताराबद्दल काही ठरवायचं तर पहिल्या गेममधलेच बॉल मोजा.

असिमेट्रिक बॉल (असमान गाभ्याचा) घ्यायचा बेत होता, तो रद्द. या अडचणीवर तो औषधच नव्हे. त्याऐवजी प्रत्येक लेनचं वेगळं पान करायचं असं ठरवलं होतं, पॅटर्ननुसार नाही, लेननुसार. पण हे लिहिताना त्याहून बरं सुचलंय. प्लास्टिकचा स्पेअर बॉल मधल्या ॲरोवरून, विसाव्या बोर्डावरून, साइड रोटेशन न देता सरळ सोडायचा. मधल्या तेलात तो घसरतच जातो, हुक करत नाही, तेव्हा हेड पिनच्या ज्या बाजूला तो भिडेल तिकडे कल. मग हेच पंधराव्या आणि पंचविसाव्या बोर्डावरून. तिन्ही एकाच बाजूला सरकले तर आख्खी लेन कललेली. पंधरा आणि पंचवीसचे दोन्ही आत आले तर मध्ये खोलगा. दोन्ही बाहेर गेले तर मध्ये फुगवटा. वेग जरा कमी ठेवला तर फरक वाढून दिसेल, कारण सरकणं वेळेच्या वर्गाने वाढतं. बॉल मागून, तिपाईवर फोन लावून चित्रित करायचा, म्हणजे किती अंतरावर तो बोर्ड सोडतो तेही कळेल.

सरावाच्या पहिल्या काही मिनिटांत, तेल ताजं असतानाच हे उरकायला हवं. त्यासाठी सुरुवातीचे स्ट्राइक बॉल सोडावे लागले तरी चालतील. पुढच्या सत्रात डाव्या लेनपासून सुरुवात करतोय, कारण ती सरळ आहे असं मी आजवर नुसतं धरून चाललोय.