पुडी अख्खी, पाणी एक लिटर

पावसाळा लागला की आमच्या वाडीत पोरांचे जुलाब सुरू होतात आणि ‘दात येतायत, होतंच तसं’ हे घरोघरी ऐकायला मिळतं. दातांवर खापर फोडलं की सुटलो! आशा सेविका म्हणून घरात गेले की मी आधी पोराचे डोळे बघते. खोल गेलेत का? रडताना पाणी येतंय का? पोटाची कातडी चिमटीत धरून सोडते; हळूहळू बसली तर अंगातलं पाणी बरंच गेलंय.

ओआरएसची अख्खी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. पेल्यात अंदाजाने थोडी टाकायची नाही, प्रमाण बिघडतं. चमच्याचमच्याने पाजा, ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. अंगावरचं दूध तोडू नका, मऊ वरणभातही चालू ठेवा.

झिंकची गोळी मात्र १४ दिवस. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अर्धी, म्हणजे १० मिलिग्रॅम. जुलाब थांबले की पाकीट फळीवर जातं, त्यावरून आज्यांशी माझे वाद ठरलेले.

शौचातून रक्त, पोर सुस्त, किंवा पाजलेलं सगळंच ओकतंय? मग माझी वाट बघू नका, थेट प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.